आडोसा कोणाच्या हातात?

सेवाग्रामच्या कुट्या, सेलूची घरं आणि ‘फ्लेक्सिबल’ फर्निचरची भाषा

तुमच्या फोनवर ते रील येऊन गेलंच असणार. पांढरीशुभ्र खोली, मोठी खिडकी, कोपऱ्यात एक कुंडी. एक मुलगी भिंतीतला पलंग दोन बोटांनी खाली ओढते. पलंग वर गेला की त्याच्या पोटातून टेबल निघतं. टेबल मिटलं की लाकडी पट्ट्यांचं पार्टिशन घसरत येतं आणि एका खोलीच्या दोन होतात. सगळं पंधरा सेकंदांत. खाली तीन शब्द: सस्टेनेबल, फ्लेक्सिबल, मॉड्युलर.

मी ही रील्स शेवटपर्यंत बघते. कोणीतरी बिजागरीवर, चाकावर, खाचेवर मनापासून विचार केलेला असतो आणि तो बघायला आवडतो. पण शंभरेक रील्स पाहिल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. त्या खोलीत दुसरं माणूस कधीच नसतं. पार्टिशन लावायचं की काढायचं, यावर कोणी वाद घालत नाही. पलंग खाली ओढताना टेबलावर कोणाची वही उघडी नसते. आजी झोपलेली नसते. टीव्ही चालू नसतो.

फर्निचर बदललं की जागा बदलते, हे या रील्स दाखवतात. जागा कोणासाठी बदलते आणि कोणाची जागा जाऊन बदलते, हे त्या दाखवत नाहीत. या लेखात मला तेवढंच बघायचं आहे. त्यासाठी पॅरिस किंवा टोकियोपासून सुरुवात करायची गरज नाही. मी सेलूची आहे, वर्धा जिल्ह्यातल्या. नागपूरहून वर्ध्याला येताना केळझरनंतर जे कापसाचं गाव लागतं, ते. इथून पुढे पवनार, मग वर्धा, मग सेवाग्राम. तासाभराच्या आत तुम्ही अशा एका घरात पोहोचता, ज्याच्याबद्दल ‘कमी सामानाचं, मातीत मिसळून जाणारं, हवं तसं वापरता येणारं घर’ म्हणून जगभर लिहिलं गेलं आहे.

कुटीचं वाचन

गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० साली या गावाचं नाव सेवाग्राम झालं. इथलं पहिलं घर म्हणजे आदी निवास. आपण आज जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी, मूळ नाव मॅडलीन स्लेड. तिने आसपासच्या गावकऱ्यांच्या घरांकडे बघून ही कुटी उभी केली. लाकडाचे खांब, बांबू, मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. मातीच्या भिंतीवर तिने स्वतः उठावात काढलेली शिंदीची झाडं आणि चरखा अजून आहेत. नंतर गांधी या कुटीत राहायला आले आणि त्यांच्या गरजेनुसार तिच्यात भर पडत गेली. आजाऱ्यासाठी जागा झाली, न्हाणीघर झालं.

आत गेल्यावर तुम्हाला काय दिसतं? फार काही दिसत नाही. गादी, बुटकं लिहायचं मेज, चटया, भिंतीतले कोनाडे. कपाट नाही, कारण कोनाडा हेच कपाट. खुर्ची नाही, त्यामुळे खुर्च्यांसाठी वेगळी खोली नाही. चटई अंथरली की बैठक झाली. ती गुंडाळली की चालायला जागा झाली. जमिनीवर बसणाऱ्या घरात एकच जागा दिवसाला पाच कामं करते आणि त्यासाठी एकाही बिजागरीची गरज पडत नाही.

याच कुटीत जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच येऊन बसला. शाळा, दवाखाने, मोटारी या सगळ्यांवर कडाडून टीका करणारा हा विचारवंत. सेवाग्रामच्या एका परिषदेत त्याने केलेलं भाषण ‘बापूकुटीचा संदेश’ या अर्थाच्या शीर्षकाने पुढे छापलं गेलं आणि वास्तुरचना शिकणाऱ्या मुलांना ते आजही वाचायला देतात. लहान भाषण आहे, मिळालं तर वाचाच.

इलिच कुटीतल्या जागा मोजतो. त्याला सात सापडतात. चपला काढून मन आणि शरीर तयार करायची जागा, मधली मोठी खोली, गांधींची बसायची-लिहायची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, उघडी ओसरी, ऐसपैस न्हाणीघर. मग तो म्हणतो ते थोडक्यात असं: आपण जी घरं बांधतो ती माणसापेक्षा फर्निचरच्या सुरक्षेसाठी आणि सोयीसाठी असतात. आपण वस्तू गोळा करतो, त्या आपल्याला बळ देत नाहीत, उलट त्यांच्यावाचून आपलं चालेनासं होतं.

वाचताना मान डोलते. आमच्याच गल्लीत मला अशी दिवाणखान्याची खोली माहीत आहे, जिच्यात सोफा राहतो आणि माणसं छपरीत बसतात. सोफ्यावर चादर, चादरीवर प्लास्टिक. पाहुणा आला की दोन्ही निघतं. इलिचने ती खोली पाहिली असती तर भाषणात नक्की घेतली असती.

तरीही त्याच्या मोजणीत काहीतरी राहून जातं, असं मला वाटतं. तो जागा मोजतो, पण जागा हलवणारे हात मोजत नाही. चटई कोण अंथरतं? जमीन कोण सारवतं? मोकळी जमीन आपोआप मोकळी राहत नाही. ती दिवसातून चार वेळा कोणीतरी मोकळी करत असतं. जिथे फर्निचर कमी, तिथे उचल-ठेव जास्त. आश्रमात ही कामं पाळीने सगळ्यांनी करायची असा नियम होता आणि झाडूपासून संडास-सफाईपर्यंत तो पाळला जाई. म्हणून तिथली मोकळी जागा खरी ठरते. हा नियम काढून घ्या आणि तीच चटई आपल्या घरात आणा. ती गुंडाळणारा हात बहुतेक वेळा एकाच माणसाचा असतो आणि त्या हातात बांगड्या असतात.

शेजारची कुटी

बापूकुटीपासून काही पावलांवर बा कुटी आहे. बहुतेक लोक तिथे दोन मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. माझ्या मते सेवाग्रामच्या वास्तूंमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथे आहे.

आदी निवास ही आधी एकच मोठी खोली होती. त्या एका खोलीत गांधी, कस्तुरबा, सहकारी, येणारे-जाणारे पाहुणे राहत. खान अब्दुल गफार खान यांच्यासारखी माणसंही तिथे राहून गेली. कोपरे वाटलेले. आजच्या भाषेत बोलायचं तर हा शुद्ध ‘ओपन प्लॅन’. भिंत नाही, म्हणून हवी तशी वापरा. या योजनेत एकाच माणसाची कुचंबणा झाली. इतक्या पुरुषांच्या वावरात बांना कपडे बदलायलासुद्धा हक्काचा आडोसा नव्हता. ही अडचण जमनालाल बजाजांनी ओळखली आणि त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली. तीच बा कुटी.

हे सगळं आश्रम दाखवणारे सहज सांगतात, एखादा मायेचा किस्सा सांगावा तसं. मला तो किस्सा वाटत नाही. मला ती त्या मोकळ्या खोलीवरची टीका वाटते, मातीत आणि कवेलूत लिहिलेली. ज्या माणसाने आपल्या काळातल्या जवळपास प्रत्येक सवयीला प्रश्न विचारला, त्याच्या घरातही ‘सगळ्यांसाठी मोकळी’ जागा सगळ्यांसाठी सारखी मोकळी नव्हती. पुरुषाला उघड्यावर बसून लिहिता येतं, मालीश करून घेता येतं, पाहुण्यांना भेटता येतं. त्याच उघड्या जागेत बाई अवघडून बसते.

इलिचच्या सात जागांमध्ये मला म्हणून आठवी जोडायची आहे, आणि ती कुटीच्या बाहेर आहे.

आपल्या भाषेत या आठव्या जागेला नेमका शब्द आहे: आडोसा. पार्टिशन या शब्दात वाटणी आहे, फाळणी आहे. पडद्यात लपवणं आहे. आडोसा म्हणजे वाऱ्यापासून, उन्हापासून, नजरेपासून मिळणारी थोडीशी सुटका. तो भिंतीचा असतो, झाडाचा असतो, दोन बायकांनी धरलेल्या लुगड्याचाही असतो. आडोसा तात्पुरता असला तरी चालतो. मात्र जिला तो हवा आहे तिला तो हवा तेव्हा मिळायला हवा. सरकत्या भिंती आणि घडीच्या फर्निचरची परीक्षा करायची तर मी हा शब्द कसोटी म्हणून वापरीन.

ती कुठे सरकवते, ते कुठे नको म्हणतात

जगात या कसोटीला उतरलेलं एक घर नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात आहे. १९२४ साली बांधलेलं. वास्तुकार खेरिट रीटफेल्ट, मूळचा फर्निचर बनवणारा. पण घराची कल्पना त्याच्या एकट्याची नाही. ट्रूस श्रोडर ही तीन मुलांची आई नुकतीच विधवा झाली होती. तिला वरच्या मजल्यावर भिंती नको होत्या आणि हव्याही होत्या. दिवसा मुलं एकत्र खेळतील, रात्री प्रत्येकाला आपली खोली असेल. म्हणून तिथे सरकते आणि फिरते पडदे-फळ्या आल्या. बांधकाम परवानगीच्या नकाशात हा मजला माळा म्हणून दाखवावा लागला, कारण भिंतींशिवायची राहण्याची जागा नियमात बसत नव्हती. श्रोडरबाई त्या घरात १९८५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिल्या.

या घराचे लाल-निळे-पिवळे रंग सगळीकडे छापले जातात. मला महत्त्वाचं हे वाटतं की सरकती भिंत तिथे राहणाऱ्या बाईने मागितली आणि ती रोज सरकवणारीही तीच होती. मागणारी आणि वापरणारी एकच असली की भिंत बरोबर जागी थांबते.

दुसरं उदाहरण जपानचं. शिगेरू बान हा वास्तुकार कागदाच्या जाड नळ्यांपासून घरं बांधतो. २००१ च्या भूकंपानंतर त्याने भुजमध्येही असं घर उभं केलं होतं. २०११ मध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला. शाळांच्या मोठ्या हॉलमध्ये शेकडो कुटुंबं एका जमिनीवर झोपत होती. बानने नळ्यांची चौकट आणि त्यावर पांढरं कापड अशी साधी पार्टिशनं केली. कापड ओढलं की कुटुंबाला स्वतःची खोली. खिळा नाही, स्क्रू नाही, काम संपलं की कागद पुन्हा कारखान्यात. पण सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी छावण्यांच्या अधिकाऱ्यांनी ती नको म्हटली, असं बानने स्वतः जाहीर भाषणात सांगितलं आहे. कारण काय, तर पडदे लागले की लोकांवर लक्ष ठेवणं अवघड जातं.

हे कारण मला फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे वाढलेल्या कुठल्याही मुलीला वाटेल. ‘दार कशाला लावतेस? काय लपवायचं आहे?’

बाज, लुगडं आणि माझी खोली

आमच्या भागात घडीचं आणि फिरतं फर्निचर कोणी विकायला येण्याआधीपासून आहे. त्यात बाजेचा पहिला नंबर. चार पाय, चार काठ्या, मध्ये सुंभाची वीण. रात्री झोपायला. सकाळी भिंतीला उभी केली की खोली मोकळी. उन्हाळ्यात अंगणात नेऊन तिच्यावर कुरड्या, सरगुंडे, वड्या वाळतात. आडवी उभी करून वर चादर टाकली की आडोसा. आजारी माणसाला रस्त्यापर्यंत न्यायला चार जणांच्या खांद्यावर तीच. बाळंतीण तर बाजेवरच असते, भाषेतसुद्धा. सुंभ सैल पडला की पायथ्याची दोरी ओढून ताणायचा. तुटला तर घरचाच कोणी पुन्हा विणतो. ठावं मोडलं तर सुतार. संपली की चुलीत. डिझाइनच्या शाळेत ज्याला वस्तूचं पूर्ण जीवनचक्र म्हणतात, ते हेच.

दुसरं, उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा घराचा नकाशा कूलर ठरवतो. तीन खोल्यांचं घर एका खोलीचं होतं. सगळ्यांच्या गाद्या कूलरच्या तोंडासमोर. रात्री वीज गेली की तेच घर गच्चीवर. पूर्वी दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारत, म्हणजे पार्टिशन हाच कूलर होता. घर ऋतूप्रमाणे आकसतं आणि फुलतं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

पण याच घरात मी दहावी केली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माणसं सात. मागच्या खोलीत नायलॉनच्या दोरीवर आजीचं जुनं लुगडं टाकून मला अभ्यासाचा कोपरा करून दिला होता. एक पत्र्याची पेटी, तीच टेबल. तो कोपरा मला फार आवडायचा. फक्त पाहुणे आले की घरातली पहिली गोष्ट हलायची ती माझी खोली. लुगडं दोरीवर सरकवायचं, पेटी ढकलायची, वह्या कोनाड्यात. दादाचा पलंग हलत नसे, कारण तो जड होता. काकांची टीव्हीसमोरची खुर्ची हलत नसे, कारण ती काकांची होती. माझी खोली सगळ्यात सोयीची होती, कारण ती घडी करून ठेवता येत होती.

घरात कोणी वाईट नव्हतं. आईने तर परीक्षेच्या महिन्यात पाहुण्यांना छपरीतच बसवलं. पण नियम स्पष्ट होता: ज्याची जागा सहज मिटते, त्याचीच आधी मिटवली जाते. म्हणून ‘फ्लेक्सिबल’ हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, कोण फ्लेक्सिबल? भिंत की भिंतीमागची मुलगी?

हलकं असेल तर आवाज अडणार नाही

आता वस्तूंकडे येऊ. नीट आडोसा हवा, पण तो हलवताही यायला हवा. इथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो आणि कुठलीही जाहिरात तो सांगत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. हलवायला वजन नको असतं.

पडदा नजर अडवतो, आवाज नाही. बांबूचा तट्टा नजर अडवतो, वारा गाळून देतो, आवाज नाही. तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या बांधून दोन्ही बाजूंनी माती लिंपलेला कुड बऱ्यापैकी आवाज अडवतो आणि उष्णताही. पण तो हलत नाही. परदेशात मधाच्या पोळ्यासारख्या उलगडणाऱ्या कागदाच्या भिंती मिळतात, दिसायला अप्रतिम. त्यांच्या पलीकडेही शेजारच्या फोनवरचं बोलणं ऐकू येतंच. तेव्हा कोणी तुम्हाला सरकत्या पार्टिशनने ‘प्रायव्हसी’ विकत असेल तर विचारा: डोळ्यांपासून की कानांपासून? अभ्यासाला कानांची लागते. कपडे बदलायला डोळ्यांची पुरते. नवीन लग्न झालेल्यांना दोन्ही लागतात आणि आपल्या घरांत दोन्ही मिळत नाहीत.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. घडीचं स्वस्त फर्निचर बहुतेक लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीचं असतं. त्या फळीत स्क्रू एकदा छान बसतो. तोच काढून पुन्हा बसवला की पकड जाते. म्हणजे रोज उघड-मीट करायच्या वस्तूसाठी असं साहित्य, जे उघड-मिटीनेच खिळखिळं होतं. त्यात आपला पावसाळा. कडेची पट्टी सुटली की फळी पाणी पिऊन फुगते, आणि फुगलेली फळी सुतार हातात घेत नाही. अशा वस्तूला ‘सस्टेनेबल’ म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग बाजेला काय म्हणायचं?

सेलूच्या बाजारात टोपल्या, सुपं घेऊन बसणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, तट्टा करून द्याल का, खोलीत लावायला. त्या हसल्या. ‘करून देईन नं बाई. पण आता तट्टे कोण घेते? गोठ्याले घेते, नाहीतर मांडवाले.’ किती वर्षं टिकेल म्हटल्यावर म्हणाल्या, ‘बांबू कवा तोडला त्याच्यावर हाय.’

यात बरंच शास्त्र आहे. बांबूत स्टार्च असतो आणि भुंग्याला तोच हवा असतो. म्हणून जुने लोक बांबू तोडायचा हंगाम पाळत, तोडलेला बांबू पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे स्टार्च निघून जाई. आता बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवतात. मुरवलेला बांबू घराच्या आत, कोरड्या जागी, वर्षानुवर्षं राहतो. न मुरवलेल्याचा भुगा पडायला लागतो आणि लोक म्हणतात, बांबू काही खरा नाही. दोष बांबूचा नसतो, गाळलेल्या पायरीचा असतो.

शिवाय बांबू आपल्यापासून लांब नेला गेला तो कायद्याने. वनस्पतिशास्त्रात तो गवत. १९२७ च्या वन कायद्यात मात्र तो झाड होता आणि म्हणून तोडायला, वाहायला परवाने. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने लढून २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः तोडून विकायचा हक्क मिळवला. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला कायद्याने ‘झाड’ या व्याख्येतून सोडलं ते २०१७ च्या शेवटी. तोवर प्लास्टिकच्या खुर्चीने आणि पत्र्याने घरं काबीज केली होती. प्लास्टिकच्या खुर्चीला मी नावं ठेवणार नाही. एकावर एक वीस रचता येतात आणि म्हातारी आजीही एक उचलू शकते. त्या कसोटीवर ती रीलमधल्या पलंगापेक्षा सरस आहे. फक्त आमच्या उन्हात ती ठिसूळ होते आणि मोडली की जोडता येत नाही.

आणि आमच्या शेतात दरवर्षी एक भिंत जळते. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटायच्या असतात. गुलाबी बोंडअळी उरू नये म्हणून तर ते वेळेत करायलाच हवं. थोड्या चुलीत जातात, बऱ्याच धुऱ्यावर पेटवून दिल्या जातात. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिने याच पऱ्हाट्यांपासून दाबलेल्या फळ्या करण्याचं तंत्र विकसित केलं आणि नागपूरच्या केंद्रात त्याचं काम झालं. म्हणजे ज्ञान आहे, कच्चा माल दारात आहे, गरज घरात आहे. तरीही सेलूच्या हार्डवेअरच्या दुकानात पार्टिशनसाठी फळी मागितली तर पुढे येते ती दुसऱ्या राज्यातून ट्रकने आलेली.

‘अर्थव्यवस्था टिकाऊ कशी असेल’ यावर जे. सी. कुमारप्पांचं पुस्तक १९४५ सालचं आहे. ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ग्रामोद्योगाचं काम करत. ‘सस्टेनेबल’ हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला असं समजणाऱ्यांनी मगन संग्रहालयात एक चक्कर मारावी. आणि मारताना तिथेही तोच प्रश्न विचारावा: वस्तू गावातली आहे हे ठीक, पण घरातल्या कोणाच्या हाताला ती बसते?

पंचवीस चौरस मीटर

हा सगळा विषय हौसेचा वाटत असेल तर घरकुलाकडे बघा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण नियमांप्रमाणे घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. सपाट भागात त्यासाठी मदत १ लाख २० हजार रुपये. कच्च्या घरातून पक्क्या घरात जाणं किती मोठं आहे, ते पावसाळ्यात ज्यांचं छप्पर गळलं त्यांना विचारा. मी त्याला कमी लेखत नाही.

पण या २५ मीटरमध्ये आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन मुलं राहतात. इथे जागेने दिवसातून चार वेळा रूप बदललं नाही तर जगताच येत नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींत शंभर वर्षांपूर्वी १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधल्या गेल्या आणि पुढच्या पिढ्यांनी पोटमाळे, पडदे, पलंगाखालचे बिछाने यांतून आपापली घरं घडवली. नकाशा काढणाऱ्याने जे सोडलं ते राहणाऱ्यांनी भरलं. आपण अजूनही घरकुलाचा नकाशा चार भिंती, एक दार, दोन खिडक्यांवर संपवतो. आत आडोसा कुठे येईल, तो कशाला टांगायचा, मुलगी अभ्यासाला कुठे बसेल, हे त्यात नसतं.

डिझाइन शिकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी म्हणून म्हणते, स्पर्धेसाठी आणखी एक घडीची खुर्ची करू नका. सेलूसारख्या गावातलं एक घरकुल घ्या. त्यात राहणाऱ्या सगळ्यात कमी ताकदीच्या आणि सगळ्यात कमी अधिकाराच्या माणसापासून सुरुवात करा. तिला एकटीला लावता येईल, एकटीला काढता येईल आणि दुसऱ्या कोणाला तिच्या संमतीशिवाय काढावंसं वाटणार नाही, असा आडोसा करा. शेवटची अट सुताराच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. पण थोडी आहे. दोरीवरचं लुगडं एका झटक्यात सरकतं. खाचेत बसवलेला, आतून खुंटी लागणारा तट्टा बाहेरून सरकत नाही. कोणाच्या बाजूला खुंटी असावी, एवढं तरी डिझाइन ठरवू शकतं.

आणि ज्यांच्याकडे आत्ता घर बांधणं चालू आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट, जिला जवळपास काहीच खर्च येत नाही. स्लॅब टाकताना आपण पाळण्यासाठी एक लोखंडी कडी सोडून घेतो. मिस्त्रीला न सांगताही त्याच्या लक्षात असतं. त्याच दिवशी, लोखंड बांधत असताना, प्रत्येक खोलीत आणखी चार कड्या सोडायला सांगा. पुढे त्यांना पडदा लागेल, तट्टा लागेल, फळी लागेल, ते पुढचं पुढे. कड्या कुठे हव्यात ते मात्र मिस्त्रीला ठरवू देऊ नका. घरातल्या मुलीला सेंट्रिंगवर चढवा आणि खडूने खुणा करायला सांगा.